पासंग

चाळीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर होतो.
गाडी लागायची, बोंदरी चढायची,
मी पितळी वजन बोटानं सरकवायचो
आणि दांडी थरथरत, थरथरत मधोमध यायची.
त्या थरथरीचंच वेड लागलं.
लोकांनी खर्रा धरला, मी घड्याळं.

सतरा आहेत घरात. एक मिशनच्या दवाखान्यातलं,
तीनचा आकडा पुसलेलं.
एकात कोंबडी आहे, सेकंदाला एक दाणा टिपते
आणि तिचं पोट काही भरत नाही.
रविवारी आंघोळ झाली की चाव्यांचा जुडगा घेऊन बसतो.
सोळा घड्याळं, सोळा चाव्या.
सतराव्याला भोकच नाही.

मॅनेजरच्या बंगल्याच्या लिलावात ते आलं,
एका बंद पंख्यासोबत, जवळजवळ फुकट.
काचेची पेटी, सोनेरी खांब,
आत तारेला टांगलेली पितळी चकती:
अर्धं मिनिट इकडे वळते, अर्धं मिनिट तिकडे.
टिकटिक नाही.
कौतिकानं काचेला कान लावला.
"जित्तं हाय का हे?"

आर्वीचा रशीद डोळ्याला भिंग लावून बघत राहिला,
त्याचा चहा निवला.
"काटेवाले, याले चावी नाही. हे हवेवर जगते."
मागं एक डबा, डब्यात लोहाराकडे असतो तसा भाता,
त्यात वायू कोंडलेला.
हवा तापली की भाता फुगतो, निवली की बसतो,
त्या फुगण्याबसण्यावर स्प्रिंग भरते.
पारा एक घर हलला की दोन दिवसांची बेगमी.

मी वजनपावतीच्या पाठीवर मांडून पाहिलं.
मे महिना. पहाटे एकोणतीस, दुपारी सेहेचाळीस.
सतरा चढती, सतरा उतरती, गुणिले दोन:
आमच्या रोहण्यात हे एका दिवसात
अडुसष्ट दिवसांचं जेवतं!
रशीद हसला. "नाही न बाप्पा.
स्प्रिंग भरली का तोंड फिरवते. माणूस थोडीच हाय."

मागच्या उन्हाळ्यात मला ऊन लागलं. ओसरीतच पडलो.
पन्हं झालं, कांदा झाला, सलाईन झालं.
प्रफुल्लनं नागपूरहून एसी आणून बसवला.
खिडक्या बंद, फटींना चिकटपट्टी.
चोवीस.
दिवसा चोवीस, रात्री चोवीस,
आखाड सरला तरी चोवीस.
मी गाढ झोपायचो आणि वर फळीवर ते उपाशी.
पोळ्याच्या आदल्या दिवशी पाहिलं तर चकती उभी.
सात वाजून दहा मिनिटं, कुठल्या तरी दिवसाची.

काठोकाठ भरलेली घागर आणावी
तसं ते उचलून ओसरीत आणलं.
माठाशेजारी ठेवलं. पायाचे स्क्रू फिरवत
पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत वाकून राहिलो.
हात ओळखीनं हलत होते.
आणि आठवलं, नको असताना,
मालकाच्या सांगण्यावरून पारड्याखाली
मीच चिकटवलेला शिशाचा तुकडा.
गाडीमागे अडीच किलो.
कधी कोणी वाकून पाहिलं नाही.
दांडी मधोमध यायची, थरथरत,
मलासुद्धा खरी वाटायची.

तिसऱ्या दिवशी चकती वळली.
कौतिकानं काचेला कुंकवाचं बोट लावलं, मी पुसलं नाही.
ओसरीतली दुपार आता आम्ही दोघं वाटून खातो,
मी आणि ते. प्रफुल्ल रागावतो.

महिन्याला दोन मिनिटं मागं पडतं.
रशीद म्हणतो, आणा, एक खिट्टी सरकवली का झालं.
राहू दे म्हटलं.
ज्याची असतील त्याला जाऊ देत.